धोंड्याच्या महिन्यातला बंद फ्रिज

"मॅडम, शनीच्या चंद्रावर जे कुणी राहत असतील, त्यांना साडेसाती कायमचीच असते का?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मगच शिवकन्येला कळलं, की आपण तो खरंच विचारलाय. उभं राहून, मोठ्यानं, अख्ख्या वर्गासमोर. मग मागच्या बाकांवर जे हसू फुटलं ते थांबेचना. शेजारी बसलेल्या निदानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. पैज लावणारी हीच. "पूछ के दिखा! नै पूछी तो कल से मेरे डब्बे की तहारी को हात नक्को लगा." आणि निदाच्या अम्मीच्या हातचा तहारीचा भात म्हणजे काही सोडून देण्याची गोष्ट नव्हती.

मागच्या वर्षापर्यंत शिवकन्या गायके असलं काही करणारी मुलगी नव्हतीच. हजेरीला "हजर" म्हणताना सुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा. पण नववीत भाषणाच्या स्पर्धेत कुणीतरी तिचं नाव ढकललं, ती थरथरत बोलली, आणि बक्षीस घेऊन घरी आली. तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता, की "आता कानात कापूस घालते मी," असं आई रोज म्हणायची.

गणिताचे सर खुर्चीतून अर्धे उठले होते. दहावीच्या उन्हाळी जादा तासांना पाहुण्या म्हणून बोलावलेल्या बाईंसमोर शाळेची अब्रू गेली, असा त्यांचा चेहरा. पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या कालिंदी मॅडम हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्या संभाजीनगरातल्याच एका कॉलेजात शिकवायच्या आणि बर्फात राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करायच्या. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"बस. नाही, उभीच राहा, प्रश्न चांगला आहे. शनीचा एन्सेलाडस नावाचा चंद्र आहे. वर जाड बर्फ, त्याखाली अंधारात पाणी. ऊन नाही, काही नाही. आपल्या हिशेबानं ही साडेसातीच. पण मी लडाखच्या बर्फातून जे जंतू आणते ना, त्यांना तिथून काढून आपल्या मुकुंदवाडीत एखाद्या अंगणात ठेवलं, तर ते मरतात. मग त्यांची साडेसाती कुठली? तो बर्फ, की हे अंगण?"

हसू थांबलं. शिवकन्या उभीच होती, तोंड थोडं उघडं.

"तिकडं यान पाठवायचं तर काय शोधायचं हे आधी ठाऊक पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "थंडीत जगणारा जीव काय खातो, मागं कुठली खूण सोडतो, हे इथंच शिकावं लागतं. आणि त्यात एक फसगत असते. थंडीत सापडलेला प्रत्येक जंतू थंडीतलाच असतो असं नाही. काही थंडी नुसती सोसतात. ऊब मिळाली की लगेच फोफावतात. आणि काहींना थंडीच आवडते. ऊब लागली की संपले. सोसणारे कोण आणि आवडणारे कोण, हे ओळखता आलं नाही तर आकाशात बघून उपयोग नाही."

मग त्यांनी पिशवीतून काचेच्या चपट्या, झाकणाच्या डिशा काढल्या. आत पिवळसर जेली, म्हणजे जंतूंचं जेवण. ज्याला हवं त्यानं डिशा न्याव्यात, गावातल्या थंड जागा शोधाव्यात, कापसाचा बोळा तिथं फिरवून जेलीवर फिरवावा, डिश चिकटपट्टीनं बंद करावी आणि घरच्या फ्रिजात खालच्या कप्प्यात ठेवावी. पुन्हा उघडायची नाही. गरम होऊ द्यायची नाही. मे महिन्याच्या शेवटी ज्यांच्या डिशा नीट असतील, त्यांच्यातल्या दोघांना मॅडम उरलेल्या सुट्टीत आपल्या प्रयोगशाळेत घेणार होत्या. लडाखचा बर्फ उघडायला.

सगळ्यात आधी हात वर झाला तो शिवकन्येचा. या वेळी कुणी पैज लावलेली नव्हती.

पुढचे काही दिवस तिनं निदाला घेऊन शहर पालथं घातलं. बर्फाच्या कारखान्यातली ओली फरशी, क्रांती चौकातल्या कुल्फीवाल्याची पेटी, मासळीवाल्याचा थर्माकोलचा डबा, घरच्या फ्रिजच्या दाराचं रबर. कुल्फीवाला म्हणाला, "बेटा, मेरी पेटी में जंतू? धंदा बिठाती क्या?" निदानं त्याला समजावलं, की चचा, ये चाँद पे जाने वाले जंतू हैं, इज्जत की बात है. त्यावर तो इतका खूश झाला, की दोघींना एकेक कुल्फी फुकट मिळाली.

घरी मात्र वाद झाला. "दुधाशेजारी जंतू? माझ्या फ्रिजात?" आई, म्हणजे द्वारकाबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी तह असा ठरला, की डिशा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातील, डबा भाजीच्या कप्प्यात जाईल, आणि त्या डब्याला शिवकन्येशिवाय कुणी शिवणार नाही. शिवकन्येनं फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: दार उघडण्याआधी विचारावे. पप्पा, म्हणजे रामकिसन गायके, चिकलठाण्याच्या कंपनीतून दुसरी पाळी करून घामाघूम यायचे आणि फ्रिजसमोर उभं राहून हाक मारायचे, "शिवू, पाणी घेऊ का गं? परवानगी आहे का?" लाइट गेली की ती फ्रिजवर गोधडी टाकायची आणि समोर खुर्ची टाकून बसायची. तास-दोन तास लाइट गेली तर चालेल, दार उघडू नका, असं मॅडमनी सांगितलं होतं.

आणि मग ठिपके उगवले. आधी दुधाच्या थेंबासारखे पांढरे. पुढं पुढं बर्फाच्या कारखान्याच्या डिशेत, अगदी कडेला, एक नारिंगी ठिपका दिसला. बाजरीच्या दाण्याएवढा. बाकीचे पसरत होते, हा जागचा हलत नव्हता. पण रंग काय! केशरी रंगात बुडवलेला. शिवकन्येनं त्याचं नाव भागूबाई ठेवलं. गर्दीत न घुसणारी, कोपऱ्यात अंग चोरून बसणारी म्हणून. शाळेतून आली की ती डबा उघडून काचेवरून नुसतं बघायची आणि म्हणायची, "काय भागूबाई, गार वाटतंय ना?"

"पोरगी जंतूंशी बोलायला लागली," आई शेजारच्या सरूबाईंना सांगायची.

त्यातच अधिक महिना लागला. दर तीन वर्षांनी येणारा हा जादाचा महिना म्हणजे जावयांचा महिना. लेक-जावयाला माहेरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात तळायचे, जावयाला पाटावर बसवून खाऊ घालायचे आणि वर आहेर करायचा. देवगाव रंगारीहून बद्रीमामाचा फोन आला. शनिवारी या, रविवारी संध्याकाळी सोडतो. शिवकन्येनं हिशेब केला. सोमवारी दुपारी बारापर्यंत डिशा मॅडमकडं द्यायच्या होत्या. रविवारी संध्याकाळी परत म्हणजे काहीच अडचण नाही. ती कपाटातला चांगला ड्रेस काढून तयार झाली.

शनिवारी सकाळी एसटीत खिडकीची जागा मिळाली. दौलताबाद मागं पडलं. वारा गरम होता, पण वारा होता. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि समाधानानं श्वास सोडला.

"सगळं नीट आवरलं. गॅस बंद केला, नळ बघितले, दूध सरूबाईला देऊन टाकलं. मेनसुद्धा पाडला."

शिवकन्येला आधी ते शब्द नुसतेच ऐकू आले. मग कळले.

"कुठला मेन?"

"लाइटीचा. आणखी कुठला असतो? दोन दिवस घर बंद, उगं काही जळालं-बिळालं तर?"

"आई, फ्रिज!"

"फ्रिज रिकामा केला ना मी. पुसून घेतला सगळा. दार थोडं उघडं ठेवलंय, वास धरत नाय."

"माझ्या डिशा आहेत त्यात!"

"त्या डब्यात आहेत की," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर निष्पाप होता. "झाकण पक्कं लावून ठेवलंय मी. हात नाय लावला एका डिशेला. तूच म्हणली होती, उघडायच्या नाय."

शिवकन्या उभी राहिली. एसटीत उभं राहून करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं, पण बसणं शक्य नव्हतं. "पप्पा, गाडी थांबवा. आपण उतरू. मी उतरते. किल्ली द्या."

"खाली बस," पप्पा हळूच म्हणाले. "लोक बघायले."

"सरूकाकूंना फोन करा. त्या मेन वर करतील."

"मेन घरात आहे. किल्ली माझ्याकडं."

"दुसरी किल्ली?"

पप्पा आणि आई एकमेकांकडं बघायला लागले. मग आई म्हणाली, "ती आपल्या खिळ्याला आहे. आत."

पुढच्या बाकावरची एक बाई हे सगळं ऐकत होती. ती मान वळवून म्हणाली, "काय राहिलं घरी? सोनं का?"

"जंतू," आई म्हणाली.

बाईनं मान परत पुढं केली आणि उतरेपर्यंत मागं बघितलं नाही.

शिवकन्या बसली. खिडकीचे गज तापले होते. बाहेर नांगरून पडलेली रानं उन्हात फुफाट्यासारखी दिसत होती, आणि तिच्या डोक्यात एकच चित्र: उघड्या दाराचा पुसलेला फ्रिज, भाजीचा कप्पा, स्टीलचा डबा, आणि आत एकेका डिशेच्या झाकणाला सुटणारा घाम. गाडी जितकी पुढं जात होती तितकी ती मागं राहत होती. असं वाटत होतं, की तिलाच कुणीतरी डब्यात घालून वरून झाकण पक्कं लावलंय.

देवगावात मामाच्या नव्या स्लॅबच्या घरासमोर मांडव घातल्यासारखी गर्दी होती. पप्पांचे पाय धुतले, कुंकू लावलं, कूलर त्यांच्याकडं वळवला. बाकी सगळे घामात. शिवकन्येला मामीनं थेट स्वयंपाकघरात ओढलं. "ये गं बाई, पारी लाटू लाग." तिथं कढईत तूप उकळत होतं, चुलीचा धूर छताला जाऊन परत खाली येत होता, आणि बायका इतक्या दाटीनं बसल्या होत्या, की उठायचं म्हटलं तरी तिघींना सरकावं लागायचं. ती पुरणाचे गोळे वळत राहिली. प्रत्येक गोळा वळताना तिला भागूबाई आठवत होती. आणि मामीचा फ्रिज भिंतीला घूं घूं करत, कोल्ड्रिंकच्या बाटल्या पोटात घेऊन, मजेत चालू होता.

"पोरगी गप्प कामून आहे?" मामीनं विचारलं.

"तिचे जंतू मरायले घरी," आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. बद्रीमामा दारातून डोकावून म्हणाला, "मग चांगलंच आहे की! लोक जंतू मारायला औषधं आणतात. तुझे फुकटात मरायले."

"मामा, ते तसले नाहीत."

"मग कसले आहेत? गाय आहेत का म्हैस?"

शिवकन्येला भाषणात बक्षीस मिळालेलं होतं. सांगायचं म्हटलं असतं तर तिनं शनीपासून सुरुवात केली असती. पण धुरात तिचं तोंडच उघडेना. हजेरीच्या वेळी व्हायचं तसंच.

जेवणं झाल्यावर पप्पांचा फोन मागून घेऊन ती गच्चीवर गेली. गच्चीची फरशी पायाला भाजत होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत तिनं कालिंदी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"दार पण उघडं आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो. वास धरू नये म्हणून."

"मग आता काही करता येणार नाही शिवकन्या. तू आत्ता तिथं उडत गेलीस तरी नाही. ज्यांना थंडी आवडते ते गेले असतील. सोसणारे जोरात वाढत असतील."

"मग मी सोमवारी येऊ नको का?"

"ते मी कसं सांगू? बारापर्यंत मी आहे. त्यानंतर लडाखचे नमुने उघडायचे, मग प्रयोगशाळेत घेतलेले आत आणि बाकीचे बाहेर. जे मला दाखवाल, त्यावरूनच मी निवडणार." त्यांचा आवाज मऊ होता, पण त्यात सूट नव्हती. "नमुना बिघडणं ही मोठी गोष्ट नाही. माझेही बिघडलेत. बिघडला हे न सांगणं मोठं आहे."

ती खाली आली तेव्हा मामा ओसरीत खाटेवर पडला होता. त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं होतं, कारण गच्चीवरचं बोलणं खाली ऐकू येतंच. "हे बघ शिवू," तो कोपरावर उठत म्हणाला, "मला एक सांग. गरमीनं ते ठिपके कमी होतील का जास्त?"

"जास्त. डिश भरून जाईल."

"मग रडती कामून? मॅडमला म्हणायचं, बघा, माझ्याकडं किती उगवले! मेनचं सांगायचंच कशाला?"

"मामा, मी आत्ताच फोनवर सांगितलं त्यांना."

"मग म्हण, घरी जाऊन बघितलं तर लाइट चालूच होती. आईनं मेन पाडलाच नव्हता, तिचा घोटाळा झाला. कोण तपासायला येतंय मुकुंदवाडीला?"

तो दुष्टपणानं म्हणत नव्हता. भाचीचं भलं व्हावं म्हणूनच म्हणत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते चाललं असतं. निदासुद्धा कदाचित म्हणाली असती, बोल दे ना यार. शिवकन्या खांबाला टेकून उभी राहिली. भरगच्च डिशा. मॅडमचं कौतुक. पांढरा कोट. आणि मग मॅडम त्या ठिपक्यांना थंडीतले समजून जपणार, त्यांच्यावरून काहीतरी ठरवणार, आणि ते सगळे खरे तर उन्हाळ्यात उघड्या फ्रिजात फोफावलेले. शनीचा चंद्र लांबच राहिला, मुकुंदवाडीतच चुकीचा जीव सापडायचा.

"नाय मामा," ती म्हणाली. "तसं नाय चालत त्यात."

"मग बस उपाशी," मामा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

उरली एकच गोष्ट. सोमवारी बारापर्यंत स्वतः तिथं पोचायचं आणि जे आहे ते दाखवायचं. रविवारी संध्याकाळची एसटी होतीच. तिनं रविवारी सकाळीच बॅग भरून दारापाशी ठेवली.

आणि रविवारी सकाळीच आप्पासाहेब आले. आप्पासाहेब म्हणजे सांडूबाबांचे, आईच्या वडिलांचे, चुलतभाऊ. काठी भिंतीला लावून ते पप्पांसमोर बसले आणि म्हणाले, "उद्या माझ्याकडं, जावईबापू."

"उद्या?" पप्पा म्हणाले. "उद्या सोमवार. ड्यूटी आहे माझी."

"ड्यूटी काय पळून जाती? डाळ निवडून ठेवली, तूप कढवलं. सांडूच्या घरचं धोंडं गोड आणि माझ्या घरचं कडू का?"

सांडूबाबा तंबाखू मळत म्हणाले, "तसं कसं, आप्पा. थांबतील की."

पप्पांनी आईकडं बघितलं. आईनं जमिनीकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "थांबतो."

झालं. एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी दाराला कडी लावली नाही. शिवकन्येची बॅग दारापाशी तशीच होती, आणि दार उघडंच होतं.

हात धुवायला पप्पा मागच्या अंगणात गेले तेव्हा ती त्यांच्या मागं गेली. पप्पांनी पट्ट्याचं बक्कल एक भोक सैल केलं होतं. तोंडावर पाणी मारून ते दगडी कट्ट्यावर बसले. त्यांचा चेहरा कसातरीच दिसत होता.

"पप्पा, तुम्ही रविवारी संध्याकाळी म्हणला होता."

"व्हय."

"मग नाय म्हणायचं होतं."

"तुला काय वाटतं, मला थांबायचंय?" पप्पा एकदम म्हणाले, आणि मग आवाज खाली आणला. "कालपासून नुसतं गोड खाऊन खाऊन जीव घाबरा झाला माझा. उद्या अजून. आप्पांकडं झालं की त्यांचा धाकटा भाऊ म्हणणार, माझ्याकडं. सुपरवायझरला काय सांगू, मी धोंडे खाऊन राहिलो म्हणून? पण नाय म्हणायला तोंड उघडत नाय गं. लग्नापासून नाय उघडलं."

शिवकन्येनं पप्पांना असं कधी बघितलं नव्हतं. घरी फ्रिजसमोर उभे राहून हाक मारणारे, हसणारे पप्पा. इथं पाटावर, कूलरच्या वाऱ्यात, सगळ्यांत मानाच्या जागी बसलेला माणूस, आणि तो सोसत होता. वर्षानुवर्षं सोसत होता, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की त्याला हे आवडतंय.

"मला किल्ली द्या," ती म्हणाली. "मी जाते एकटी."

"तुझी आई जाऊ देईल?"

"तुम्ही द्या ना किल्ली."

पप्पांनी खिशावर हात ठेवला. काढली मात्र नाही. "संध्याकाळी बघू," म्हणाले.

तिनं संध्याकाळपर्यंतचा वेळ काढला. कसा काढला हे तिलाच माहीत. मामीनं आहेरासाठी अनारसे मोजायला बसवलं, अधिक महिन्याचे तेहेतीस, आणि तिचे दर वेळी चुकत होते. मामेबहिणी आल्या, तिच्या केसांच्या वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. कुणीतरी म्हणालं, दहावी झाली की पोरीला इथल्याच कॉलेजात टाका, मामाच्या डोळ्यासमोर राहील. आई "बघू" म्हणाली. सगळं "बघू"वर चाललं होतं. शिवकन्येला वाटलं, आपण इथं अशाच बसून राहू, कुणीतरी वेण्या घालत राहील, आणि एक दिवस आपणही पाटावर बसलेल्या कुणालातरी "माझ्याकडं या" म्हणत काठी टेकू.

संध्याकाळची एसटी तिच्याशिवाय गेली. हॉर्न घरापर्यंत ऐकू आला.

सूर्य मावळायच्या आधी अंगणात पाणी मारून चटया टाकल्या. सगळे जेवायला बसले. पप्पांच्या ताटात मामीनं दोन धोंडे वाढले. पप्पा "पुरे पुरे" म्हणाले, तसे तिनं आणखी दोन वाढले. आप्पासाहेबही आलेच होते, उद्याची आठवण द्यायला. मामा कुणाला तरी जंतूंची गोष्ट रंगवून सांगत होता, "आणि एकीचं नाव काय तर भागूबाई!" आणि अंगणभर हशा पिकला.

शिवकन्या उठून उभी राहिली.

हातात अर्धी पोळी होती, ती तिनं ताटात ठेवली. वर्गात उभी राहिली तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा निदा शेजारी होती आणि फार तर तहारी गेली असती.

"काय गं, काय पाहिजे?" मामीनं विचारलं.

"काय नाय मामी. मला आई-पप्पांना काही सांगायचंय."

"आत जाऊन सांग," आई पटकन म्हणाली. "खाली बस आधी."

"नाय. आत गेलं की 'बघू' होतं." तिचा आवाज पहिल्यांदा थोडा चिरकला, आणि मग सरळ झाला. "मामा, माझ्या जंतूंवर तुम्ही हसा, काय नाय वाटत मला. पण ते मेले ते हसण्यासारखं नव्हतं. मी महिनाभर गोधडी घेऊन फ्रिजसमोर बसलेय. आईची चूक नाय. डबा बंद म्हणजे सगळं बंद असंच तिला वाटलं, आणि मी तरी तिला कुठं नीट सांगितलं होतं? मी फक्त कागद चिकटवला. पण उद्या मी गेले नाही, तर ती माझी चूक होईल."

आप्पासाहेबांनी घास हातातच धरला होता.

"पोरीच्या जातीनं..." त्यांनी सुरुवात केली.

"आप्पाबाबा, तुमच्याकडचं धोंडं गोडच असणार. पप्पा खातील नाहीतर नाय खाणार, ते त्यांनी ठरवावं. मी माझ्यापुरतं बोलतेय."

पप्पांनी मान खाली घातली. पण शिवकन्या त्यांच्या समोरच होती, तिला दिसलं, की त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या किल्लीकडं गेलाय.

"एकटी कुठं जाणार तू?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि भीती रागापेक्षा अवघड असते. "रस्त्यात काही झालं तर? घरात कुणी नाय. लोक काय म्हणतील?"

"आई, मी सकाळच्या पहिल्या एसटीनं जाणार. स्टँडवर मामा सोडतील, आणि नाय सोडलं तर मी चालत जाईन. तिकडं निदाचे अब्बा रिक्षा घेऊन स्टँडवर येतील. मी दुपारीच पप्पांच्या फोनवरून त्यांना विचारलंय. डबा आहे तसा उचलणार, मॅडमकडं नेणार, आणि मेन पडला होता, दार उघडं होतं, सगळं सांगणार. त्या मला घेणार नाहीत, हे मला जवळपास माहीत आहे. तरी जाणार. आणि दहावीनंतर मी मामाच्या डोळ्यासमोर नाय राहणार. संभाजीनगरातच शास्त्र घेणार, आणि हेच शिकणार. आई, पप्पा, मी तुम्हाला विचारत नाय, सांगतेय. मी उद्या जातेय."